श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर ‘विषय हार्ड’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमध्ये शालिमारजवळ माझं डीटीपी आणि फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. 22 वर्षं लोकांनी आणून दिलेलं मॅटर टाइप करतोय. त्यामुळे गावाच्या तोंडी सध्या कोणता शब्द आहे, हे मला फार लवकर कळतं.

मागच्या महिन्यात रात्री दुकान बंद करायच्या वेळी तीन मुलं आली. त्यांचा मित्र अपघातात गेला होता. चौकात लावायला 10 बाय 8 चा फ्लेक्स हवा होता. मोबाइलमधला फोटो दिला, गॉगल लावून बाइकला टेकून उभा असलेला मुलगा. मॅटर विचारलं तर एक जण म्हणाला, “काका, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाका आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘भावा, तुझा विषयच हार्ड होता’.” मी टाइप करायला घेतलं आणि हात थांबला. त्याच दुपारी ‘विषय हार्ड’ हे सध्याचे कौतुकाचे शब्द मी एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर टाकले होते. त्याच्या आदल्या आठवड्यात एका मिसळीच्या बोर्डावर. आता तेच मयताच्या फोटोखाली.

मुलांचं दुःख खोटं नव्हतं. बोलणाऱ्याचे डोळे सुजलेले होते. पण एवढं मोठं दुःख घेऊन आलेल्या मुलाच्या ओठांवर जे आलं ते रोज शंभर वेळा ऐकलेलं होतं, आणि त्याच्या मित्राबद्दल त्यात काहीच नव्हतं. हे मला फार लागलं. म्हणून हे पत्र.

मी दुकान टाकलं तेव्हा पेंटरांचे दिवस सरत आले होते. पेंटर कापडावर एकेक अक्षर हाताने काढायचा, म्हणून गिऱ्हाईक शब्द मोजूनमापून द्यायचं. पत्रिकेचं मॅटर तर घरातलं वडीलधारं माणूस वहीच्या पानावर लिहून आणायचं. त्यात शुद्धलेखनाच्या चुका असायच्या, पण ते त्या घरचं असायचं. आता व्हॉट्सअॅपवर फोटो येतो आणि खाली एक ओळ, “काहीतरी कडक टाका.” ते कडक काय असावं, हे गिऱ्हाइकाने ठरवलेलं नसतं. मग ‘नाद खुळा’, ‘जाळ अन् धूर संगटच’, ‘वाघ एकच’ यांतलं काहीतरी जातं. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा एका मंडळाने अभिनंदनाच्या फ्लेक्ससाठी पाठवलेला मजकूर होता, ‘मराठी अभिजात, विषय हार्ड’. कुसुमाग्रजांच्या गावात तो फ्लेक्स मी छापला. पैसे घेतले, पण त्या रात्री चैन पडली नाही.

नव्या शब्दांना माझा विरोध नाही. कोल्हापूरचा माणूस तालमीतल्या पोराला ‘नाद खुळा’ म्हणतो, तेव्हा त्याला त्या पोराचं कुस्तीचं वेड दिसत असतं. तो शब्द तिथल्या मातीतून आला आहे. सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं जून 2022 मधलं फोनवरचं बोलणं घ्या. राजकारण बाजूला ठेवून ऐका. सांगोला हा दुष्काळी तालुका. तिथला माणूस गुवाहाटीला जातो, हिरवेगार डोंगर बघतो आणि आपल्या माणसाला फोनवर सांगतो, “काय झाडी, काय डोंगार, काय हाटील.” ते त्याचं स्वतःचं आश्चर्य होतं आणि त्याच्या गावच्या बोलीत होतं. म्हणून महाराष्ट्राला ते आवडलं, मलाही. पण आपण काय केलं? अंजनेरीला गेलो तरी तेच, ब्रह्मगिरीवर गेलो तरी तेच. श्रावणात अंजनेरीच्या वाटेवर ढग अंगावरून जातो, समोरचा माणूस दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो. हे बघून आलेला माझा पुतण्या फोटोखाली सांगोल्याच्या माणसाचं गुवाहाटीबद्दलचं वाक्य टाकतो. अंजनेरी त्याला कशी दिसली, ते त्याने कुणाला सांगितलंच नाही. कदाचित स्वतःलाही नाही.

आणि आपलं जे होतं ते चाललं आहे. माझी आई सटाण्याकडची, म्हणजे बागलाणातली. घरी कुणी आलं की ती विचारायची, “काय करी ऱ्हायना रे भो?” ते ‘भो’, म्हणजे भाऊ, नाशिकच्या रस्त्यावर मी लहानपणापासून ऐकलं. बाजार समितीत, सीबीएसच्या स्टँडवर, सातपूरच्या कंपनीच्या गेटवर. त्यात खडबडीतपणा होता आणि जवळीकही होती. आज सगळीकडे ‘भावा’. रील्समधून आलेलं. कॉलेज रोडची मुलं पन्नाशीच्या मला ‘भावा’ म्हणतात, त्याचा राग नाही. पण तीच मुलं बागलाणातून शिकायला आलेल्या पोराच्या तोंडून ‘भो’ ऐकलं की हसतात. दुकानात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. तो पोरगा पुढच्या वेळी आला तेव्हा ‘भावा’ म्हणत होता. दुसऱ्या गावची बोली मिरवायची आणि आपल्या जिल्ह्याच्या बोलीची लाज वाटायची, हे कसं चालेल?

कुणी म्हणेल, म्हणीसुद्धा तयारच असतात, त्याही कुणीतरी आधी वापरलेल्या असतात. बरोबर आहे. मी यावर खूप विचार केला आहे. माझे साडू दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतात. एका फेब्रुवारीत माल तोडणीला आला असताना गारपीट झाली. अर्ध्या तासात बाग झोपली. त्यांच्या मुलाने नातेवाइकांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. मण्यांना तडे गेलेले, घडाला हात लावला की मणी गळून हातात येत होते, मागून साडूंचा आवाज येत होता, “सगळं गेलं.” खाली उत्तरं काय? ‘विषय हार्ड’, ‘खतरनाक’, ‘राडा’. एकाने तर हसऱ्या चेहऱ्यासह ‘जाळ अन् धूर’. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. बोटाला सवय झालेली, दुसरं काही नाही. त्या सगळ्यांत एका म्हाताऱ्या मामांनी लिहिलं होतं, “आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं लावणार बाबा. सकाळी येतो.”

मामांचं वाक्यही उसनंच होतं. पण आभाळ फाटल्याची म्हण कुणी वाढदिवसाला म्हणत नाही. ती वापरायला आधी समोर काय घडलंय ते बघावं लागतं. ‘विषय हार्ड’ला काही बघावं लागत नाही. चहा चांगला झाला, गाडी घेतली, बाग झोपली, मित्र गेला, सगळ्यांना तेच. ऐकणाऱ्याला कसं कळावं की समोरच्याला आनंद झालाय की वाईट वाटलंय? साडूंनी त्या दिवशी फोन बाजूला ठेवला तो दोन दिवस हातात घेतला नाही.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. अलीकडे वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही ‘राडा’ आणि ‘नाद खुळा’ सर्रास दिसतात. महासभेत नगरसेवकांची बाचाबाची झाली तर राडा, आणि दोन गटांत दगडफेक होऊन माणसं जखमी झाली तरी राडा. वाचणाऱ्याला दोन्हीचं वजन सारखंच वाटू लागतं. कृपया हे टाळावं. आणि आठवड्यातून एकदा छोटीशी चौकट द्यावी. बागलाण, पेठ, सुरगाणा, निफाड, सिन्नर, येवला इथल्या वाचकांनी आपल्या घरातलं एखादं बोलणं, ते कधी आणि कुणाला म्हणतात यासह, पाठवावं. पहिलं मी पाठवीन, आईचं.

त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. मी मुलांना बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, तुमचा मित्र होता कसा? बराच वेळ कुणी बोललं नाही. एक म्हणाला, “चांगला होता, काका.” दुसरा म्हणाला, “लय भारी.” मी म्हटलं, नाही, तो काय करायचा ते सांगा. मग सुजलेल्या डोळ्यांचा मुलगा म्हणाला की रात्री कितीही उशीर झाला तरी तो आधी सगळ्यांना बाइकवर एकेक करून घरी सोडायचा आणि मग स्वतः घरी जायचा. सिडकोतून नाशिकरोडपर्यंत फेऱ्या मारायचा, पेट्रोलचे पैसे कधी मागितले नाहीत.

फ्लेक्सवर आम्ही तेच टाकलं. ‘सगळ्यांना घरी सोडून मग घरी जाणारा आमचा मित्र’, आणि खाली त्याचं नाव.

आपला नियमित वाचक,
एक फ्लेक्स व डीटीपी व्यावसायिक,
शालिमार, नाशिक