सातला जेवायचे कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य पुरवणीत वजनाचा विषय निघाला की ‘संध्याकाळी सातपर्यंत जेवण उरका’ हा सल्ला हमखास येतो. सल्ला खोटा नाही. पण तो वाचणाऱ्यांत चाकण, भोसरी, तळेगावच्या कारखान्यांत पाळ्या करणारे आमच्यासारखे लोकही असतात, आणि दुसऱ्या पाळीचा कामगार सातला मशिनवर उभा असतो. आमच्या शेजारचे जैन कुटुंब चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नेम, निष्ठेने पाळते, कारण घरातले सगळेच सूर्यास्ताच्या आत ताटावर बसू शकतात; दुकान खालीच आहे. ही सोय किती जणांना आहे?

शरीराच्या घड्याळाबद्दल शंका घ्यायला आता जागा नाही. पेशींमधले घड्याळ कसे चालते हे उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. मेंदूतले मुख्य घड्याळ उजेडावर लागते, तर यकृत आणि स्वादुपिंडाची घड्याळे जेवणाच्या वेळेवरूनही लागतात. रात्री मेलॅटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक वाढले की स्वादुपिंड इन्शुलिन सोडताना हात आखडता घेते. म्हणून सकाळी खाल्लेला भात आणि मध्यरात्री खाल्लेला तेवढाच भात रक्तातली साखर सारखी वाढवत नाहीत. बोस्टनच्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या १६ जणांना तेच अन्न सुमारे चार तास उशिरा देऊन पाहिले. त्यांची भूक वाढली, पोट भरल्याची खूण देणारे लेप्टिन घटले आणि जागेपणी खर्च होणारी ऊर्जा सुमारे पाच टक्क्यांनी कमी झाली. हे २०२२ साली प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूचा एक अभ्यासही आला, त्याचा उल्लेख मात्र लेखांत सहसा नसतो. १३९ स्थूल व्यक्तींनी वर्षभर मोजून-मापून कमी खाल्ले. त्यातल्या निम्म्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाल्ले. दोन्ही गटांचे वजन उतरले आणि त्यांच्यातला फरक दखल घेण्याजोगा ठरला नाही. म्हणजे वेळ पाळली म्हणून वाटेल तेवढे खायला मोकळीक मिळत नाही. आपल्याकडे डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवणारे पुष्कळ आहेत. तिथेही भर किती वेळा खायचे यावर आहे, कुठल्या प्रहरी यावर तेवढा नाही.

आता आमच्याकडचा प्रकार सांगतो. दुसरी पाळी दुपारी तीनच्या सुमारास लागते. आठला कॅन्टीनमध्ये जेवण होते. पाळी सुटून कंपनीच्या बसने घरी पोचेपर्यंत साडेबारा वाजतात. घरी बायको जागी असते, पोळ्या तव्यावर गरम होतात, आणि माणूस दुसऱ्यांदा जेवतो. नको म्हणणे जिवावर येते. हे जेवण कुठल्याच हिशेबात धरले जात नाही. डॉक्टरांनी वेळ विचारली तर कामगार कॅन्टीनची वेळ सांगतो. त्याच्यासाठी थांबलेली बाईही मध्यरात्रीच जेवते आणि पाचला मुलांच्या डब्यासाठी उठते. तिचे वजन वाढले की घरातलेच म्हणतात, ‘दिवसभर घरीच तर असते.’ आमच्या पाळीचा भार ती विनावेतन वाहते, हे मला तरी दिसते.

रात्रपाळीचे तर विचारू नका. दोनच्या सुट्टीत भात, तेलाचा तवंग आलेला रस्सा आणि गोडमिट्ट चहा. अमेरिकेत रात्रपाळीची नक्कल करून १९ निरोगी तरुणांवर प्रयोग झाला, २०२१ साली. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी रक्तशर्करा ६.४ टक्क्यांनी वाढली. तसेच जागूनही फक्त दिवसा जेवणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही. जागरण टळणार नाही, पण दोनचे भरलेले ताट टाळता येईल, असा मी त्याचा अर्थ घेतो. रात्रपाळीला पूर्ण जेवण पाळी लागण्यापूर्वी मिळावे आणि दोनला मुगाची उसळ, उकडलेले अंडे, एखादे फळ एवढेच असावे. दुसऱ्या पाळीला आठचेच जेवण नीट, पोटभर असावे, म्हणजे घरचे ताट लागणार नाही. (इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळा बदलू नयेत.)

१९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात कॅन्टीनची आणि तिच्या कारभारात कामगारांच्या प्रतिनिधींची तरतूद केली. मीही कॅन्टीन कमिटीवर आहे. बैठकीत चर्चा होते ती कुपनाच्या दराची आणि डाळ पातळ असल्याची. पदार्थ किती वाजता वाढायचा, हा विषय कुणी काढत नाही. पाळी दर आठवड्याला बदलते, तेही कधी पहिलीवरून एकदम तिसरीला. मेंदूतले घड्याळ मात्र दिवसाला जेमतेम तासभर सरकते. निदान पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम पाळला तरी शरीराला जुळवून घेणे सोपे जाते, आणि त्याला व्यवस्थापनाचा एक पैसाही खर्च होत नाही.

तेव्हा पुढच्या पुरवणीत आहारतज्ज्ञांकडून तिन्ही पाळ्यांचा जेवणाचा तक्ता करून घेऊन छापावा, ही विनंती. कॅन्टीनच्या फलकावर तो लावायची जबाबदारी माझी.

आपला,
एक कामगार वाचक, चिंचवड