ध्वनिशोषक म्हणून विकलेल्या लाकडी भित्तिचित्रांबाबत तक्रार

दि. १४ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कमळजाळीची दहा लाकडी पॅनेल व दोन डिफ्यूझर माहितीपत्रकाप्रमाणे नसल्याबाबत, बदलून मिळणे किंवा रक्कम परत मिळणे.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून आम्ही २ जून रोजी कमळाच्या जाळीची दहा पॅनेल (प्रत्येकी १००० × ६०० मिमी) आणि लाकडी ठोकळ्यांचे, आवाज विखुरणारे दोन डिफ्यूझर (६०० × ६०० मिमी) मागवले. पॅनेलचे ४६,०००, डिफ्यूझरचे ६,४०० आणि बसवण्याचे ४,००० असे एकूण ५६,४०० रुपये आगाऊ भरले. माहितीपत्रकात पॅनेलबद्दल चार गोष्टी छापल्या आहेत : एनआरसी (आवाज किती शोषला जातो याचा अंक) ०.८५, आत ५० मिमी जाडीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूल (दगडी धाग्यांची लोकर), जाळीचा खुला भाग ३० टक्के, एकूण जाडी ६५ मिमी. खरेदी या चार आकड्यांवर झाली. नुसते कमळ हवे असते तर आमच्या सुताराने ते याहून कितीतरी कमी पैशांत कोरून दिले असते.

खोली पुण्यातल्या फ्लॅटमधली, रियाजाची आहे. ३.६ × ३ मीटर, उंची २.९ मीटर. खाली व्हिट्रिफाइड फरशी, वर पीओपी, भिंतींवर गिलावा आणि डिस्टेंपर, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. अशा खोलीत टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींमधून टर्रर्र असा आवाज उठतो. तीन मीटरवरच्या दोन भिंतींमध्ये एक फेरी मारायला आवाजाला साधारण १७ मिलिसेकंद लागतात, तेवढ्या अंतराने तो परत परत येत राहतो. तंबोऱ्याची जवारी त्यात गढूळ होते, तानेतले स्वर एकमेकांवर चढतात. हा दोष घालवण्यासाठीच पॅनेल घेतले होते.

पॅनेल बसवण्यापूर्वी ११ जूनला आणि बसवल्यावर १४ जूनला खोलीची मोजणी केली. दोन्ही वेळा तेच सामान त्याच जागी होते, खिडकी बंद होती, पंखा बंद होता, आणि माइक तीन ठिकाणी १.२ मीटर उंचीवर ठेवला होता. रूम ईक्यू विझार्ड या संगणक-प्रणालीने स्वीप (खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा आवाज) सोडून घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज ६० डेसिबलने विरायला लागणारा वेळ, काढला. २५० हर्ट्झला तो १.१८ सेकंदांवरून १.१३ झाला, ५०० ला १.१० वरून १.०४, १००० ला १.०८ वरून १.००, आणि २००० ला १.०२ वरून ०.९३.

आता आपलाच आकडा खरा धरून हिशेब पाहा. खोलीचे घनफळ ३१.३ घनमीटर. सॅबाइनच्या सूत्राने, म्हणजे घुमण्याचा काळ बरोबर ०.१६१ गुणिले घनफळ भागिले एकूण शोषण, १००० हर्ट्झला आधीचे शोषण ४.६७ चौरस मीटर भरते. सहा चौरस मीटर पॅनेलनी ०.८५ च्या हिशेबाने त्यात ५.१ ची भर घालायला हवी होती. पॅनेलने झाकलेल्या भिंतीचे ०.१२ वजा केले तरी घुमण्याचा काळ ०.५२ सेकंदांवर उतरला असता. तो एका सेकंदावर अडला. उलट हिशेब केला तर आपल्या पॅनेलचा शोषणांक २५० ला ०.०५, ५०० ला ०.०६, १००० ला ०.०८ आणि २००० ला ०.१० निघतो. एनआरसी म्हणजे या चार आकड्यांची सरासरी, जवळच्या ०.०५ ला आणलेली. ती येते ०.०५.

प्रमाणित चाचणी प्रयोगशाळेतल्या मुद्दाम घुमणाऱ्या ठेवलेल्या खोलीत होते आणि लहान खोलीत सॅबाइनचे सूत्र काटेकोर बसत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण त्या कारणाने ०.८५ चे ०.७ होईल, ०.०५ होणार नाही. म्हणून एका पॅनेलचे स्क्रू काढून मागची फळी उघडली.

आत रॉकवूल नाही. २५ मिमीचे पांढरे थर्माकोल आहे, मागे ३ मिमीच्या हार्डबोर्डला चिकटवलेले. जाळी १२ मिमी, म्हणून एकूण जाडी ४० मिमी; माहितीपत्रकात ६५ आहे. थर्माकोलचा तुकडा ओठांशी धरून फुंकर मारली तर पलीकडे ठेवलेला हात कोरडा राहतो, वारा लागत नाही. रॉकवूलच्या तुकड्यातून फुंकर आरपार जाते. ध्वनिशोषक ओळखायची याहून सोपी परीक्षा नाही. लोकरीच्या धाग्यांमधून हवेचे कण पुढेमागे होताना घासतात आणि आवाजाची उष्णता होते. शोषण म्हणजे इतकेच. थर्माकोलमधले बुडबुडे बंद असतात, हवा आत शिरतच नाही, आवाज वरच्या वर परततो. ते थंडी-ऊन अडवते म्हणून आवाजही शोषील हा समज बाजारात फार पसरला आहे, आणि आपल्यासारख्या कंपनीने तरी तो पसरवायला नको होता.

दुसरा दोष कापडाचा. जाळीच्या मागे काळे कापड आहे, ते चालले असते. पण पॉलिश कापड लावून झाल्यावर फवारलेले दिसते. प्रत्येक पाकळीच्या आतल्या कडेने कापडावर मेलामाइनची चकचकीत साय धरली आहे. नखाने टोकरले की टकटक वाजते, कापडासारखे दबत नाही. अशा कापडामागे अव्वल रॉकवूल असते तरी वरच्या पट्टीतला आवाज आत गेला नसता. पॉलिश आधी, ते पूर्ण वाळल्यावर कापड, आणि कापडाला गोंद फक्त कडेने, हा क्रम कारखान्यात पाळला गेला नाही.

तिसरा दोष जाळीचा. आलेखाचा कागद मागे धरून पेन्सिलीने पाकळ्या उतरवल्या आणि चौकोन मोजले. खुला भाग ३० नव्हे, १२ टक्के आहे. छायाचित्रात जाळी भरगच्च दिसावी म्हणून पाकळ्यांची छिद्रे बारीक केली असावीत. खुला भाग कमी झाला की शोषणाचा जोर खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतो आणि २००० हर्ट्झच्या पुढचा आवाज लाकडावरून परततो. गाण्यातली व्यंजने आणि जवारीची झंकार तिथेच असते.

सन १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग म्युझियममधले व्याख्यानगृह इतके घुमत होते की वक्त्याचे शब्द कळत नसत. तिथला भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या आणून तिथे एकेक करून वाढवत नेल्या आणि प्रत्येक वेळी घुमण्याचा काळ मोजला. वर वापरलेले त्याचे सूत्र त्या गाद्यांतून निघाले. कोरीवकाम कितीही देखणे असो, आवाज मागचा भराव गिळतो. आपण तोच काढून टाकला.

डिफ्यूझरबद्दलही लिहिणे भाग आहे. ठोकळ्यांमधला सर्वांत मोठा उंचीचा फरक १८ मिमी आहे. आवाज एवढ्या खोलीत जाऊन येईपर्यंत अर्ध्या लहरीचा फरक पडायला सुमारे ४८०० हर्ट्झ लागतात. त्याच्या बऱ्याच खाली हा तक्ता सपाट भिंतीसारखाच वागतो. माहितीपत्रकात मात्र ‘५०० हर्ट्झपासून विखुरण’ छापले आहे. जर्मन ध्वनिशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडरच्या पद्धतीने सात खाचांचा डिफ्यूझर ५०० हर्ट्झसाठी काढला तर खाचांची खोली ०, १, ४, २, २, ४, १ या प्रमाणात येते, एकेक भाग सुमारे ४९ मिमी, म्हणजे सर्वांत खोल खाच जवळपास २० सेंटिमीटर. भिंतीवरची शोभेची वस्तू एवढी जाड कोणी लावत नाही हे समजते. पण मग ५०० चा आकडाही लिहू नये. ५ सेंटिमीटर खोलीत प्रामाणिकपणे सुमारे २००० हर्ट्झ मिळतात, तेवढे छापले असते तर आमची तक्रार नव्हती.

बसवणीत आपल्या कारागिराचा दोष नाही, त्याने सोबतच्या कागदाप्रमाणे काम केले. दोष कागदाचा आहे. साडेसात किलोचे पॅनेल डबल साइड टेपच्या चार पट्ट्यांवर डिस्टेंपरला चिकटवायला त्यात सांगितले आहे. टेप रंगाला धरते, भिंतीला नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत रंगाची कातडी पुट्टीसकट सुटली आणि नवव्या दिवशी एक पॅनेल खाली आले. टेपच्या पाठीला रंगाचा पापुद्रा तसाच चिकटलेला आहे, छायाचित्र जोडले आहे. खाली कोणी बसलेले नव्हते. पडलेल्या पॅनेलच्या एमडीएफची तुटलेली कड कच्ची आहे, तिला सीलर नाही. पंधरा दिवसांत ती फुगून १२ ची १४ मिमी झाली आहे. बाकीच्या नऊ पॅनेलच्या कडांना हे होणार नाही याची खात्री आपण द्यावी.

त्याच कागदात पॅनेलची खालची कड जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर घ्या असे आहे. हे माप सोफ्यावरच्या चित्राचे आहे. रियाज बैठकीवर होतो. मांडी घालून बसलेल्या माणसाचे तोंड आणि कान ७५ ते ८० सेंटिमीटरवर असतात, म्हणजे नेमकी तेवढी भिंत उघडी राहिली. खालची कड ४० वर आणि वरची १४० वर यायला हवी होती. जागा आरशाने ठरते : गाणाऱ्याने बैठकीवर बसावे, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवावा, आणि माइक किंवा तबलजी जिथे आरशात दिसेल तिथे पॅनेल लावावे. दहाच्या दहा दोन लांब भिंतींवरच लावल्यामुळे लांबीच्या दिशेचा टर्रर्र आवाज तसाच आहे.

आपल्या विक्री प्रतिनिधींनी फोनवर आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, डग्ग्याची घुमक आटोक्यात येईल. या खोलीची रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी, त्यामुळे ५८–६० आणि ११५–११९ हर्ट्झला खोलीची दोन-दोन कंपने एकावर एक येतात. त्यांना भिंतीवरचे पातळ पॅनेल, खरे रॉकवूल भरलेलेसुद्धा, पुरत नाही. कोपऱ्यात जाड भराव लागतो. दुसरी, शेजाऱ्यांकडे आवाज जाणार नाही. सामाईक भिंत साडेचार इंची विटांची, दोन्हीकडून गिलावा, चौरस मीटरला सुमारे २५० किलो. तिच्यावर आपण चौरस मीटरला साडेबारा किलो टांगलेत. वस्तुमानाच्या नियमाने (भिंत जितकी जड तितका आवाज कमी पार होतो) अर्धा डेसिबलही फरक पडत नाही. खोलीतला घुमारा कमी करणे आणि पलीकडे जाणारा आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आपल्या प्रतिनिधींना शिकवा. या एका गोंधळापायी कितीतरी गाणारी-वाजवणारी घरे पैसे घालवतात आणि शेजाऱ्यांशी वाद तसाच राहतो.

२४ जूनला आम्ही ईमेलने तक्रार केली. १ जुलैला उत्तर आले : ‘खोलीत सामान वाढवा, जाड पडदे लावा.’ पडद्याने आवाज शोषला जातोच, पण ते पडद्याचे काम झाले. ४६,००० रुपये पॅनेलसाठी दिले आहेत.

आमची मागणी अशी. दहाही पॅनेल छापील वर्णनाप्रमाणे बदलून द्यावीत : ५० मिमी, ४८ किलो घनतेचे रॉकवूल, धागे बाहेर येऊ नयेत म्हणून पातळ काळ्या टिश्यूत गुंडाळलेले, खुला भाग ३० टक्के, कापडावर पॉलिश नाही, चारही कडा आणि पाकळ्यांच्या आतल्या कडा सीलर मारलेल्या. मागे हार्डबोर्ड नको. भिंतीवर ५० मिमीच्या रिपा रॉवल प्लग आणि स्क्रूने मारून त्यांवर पॅनेल टांगावीत, म्हणजे मागे तेवढी पोकळी राहील आणि २५० हर्ट्झपर्यंत शोषण चांगले मिळेल. भिंतीचा उखडलेला भाग पुट्टी भरून रंगवून द्यावा. एनआरसी ०.८५ चा प्रयोगशाळेचा अहवाल पाठवावा, आणि नमुना भिंतीला चिकटून होता की मागे पोकळी होती हे त्यात लिहिलेले असावे. पोकळीने आकडा खूप बदलतो. दोन्ही डिफ्यूझर परत घेऊन ६,४०० रुपये द्यावेत. हे जमणार नसेल तर सगळा माल आपल्या खर्चाने उचलून न्यावा आणि पूर्ण रक्कम परत करावी.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. पोच मुदतीत आली नाही. महिना २४ जुलैला संपतो. तोवर लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये, सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही कारणांखाली, पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागू.

उघडलेले पॅनेल, थर्माकोलचा तुकडा आणि पॉलिश बसलेले कापड जपून ठेवले आहे. आपल्या तंत्रज्ञाला पाहायचे असल्यास रविवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी अकरानंतर पाठवावे. येताना आपल्या गोदामातले एक न उघडलेले पॅनेल सोबत आणावे, ते त्याच्यासमोरच उघडून पाहू.

आपले,
वरील ऑर्डरचे ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, माहितीपत्रकाचे पान, दोन्ही मोजण्यांचे आलेख, उघडलेल्या पॅनेलची सहा छायाचित्रे, बसवणीच्या कागदाची प्रत, १ जुलैचे आपले उत्तर.