मागांच्या खडखडाटात नाटक उभं करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानले होते, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. तुम्ही आणि तुमच्यासोबतच्या दादांनी आमच्या इचलकरंजीत जे केलं, ते आमच्या गल्लीबाहेरही कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर. शाळा सुटल्यावर यंत्रमागावर कामाला लागला. दरवर्षी ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या आसपास कुठे ना कुठे त्याला बोलावणं येतं. गुलाबाचं फूल, पेनचा सेट, फोटो. भाषणं होतात, ती कुणी खुणांनी त्याला सांगत नाही. त्यामुळे तुम्ही नाटकाच्या कार्यशाळेचं विचारायला आलात, तेव्हा आई सरळ म्हणाली, "आले परत फोटो काढायला."

तुम्ही कॅमेरा काढला नाहीत, संहिताही काढली नाहीत. "आधी शेड बघू दे," म्हणालात. भर दिवसपाळीत तुम्ही दोघं मागांच्या मधल्या बोळात कितीतरी वेळ नुसते उभे होतात. या गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि तेव्हापासून आमच्या पिढ्या त्या आवाजात वाढल्या. शेडमध्ये कुणी कुणाशी तोंडाने बोलत नाही, बोलून उपयोगच नसतो. सुताची तार तुटली, बीम (ताण्याच्या सुताचा मोठा रूळ) संपत आला, कांड्या (बाण्याचं सूत गुंडाळलेल्या नळ्या) आण, चहा आला, या सगळ्याला खुणा आहेत. 'मालक आला' म्हणायला मिशीला पीळ द्यायचा. आताच्या मालकांना मिशी नाही, त्यांच्या वडिलांना होती. खूण तशीच राहिली.

आम्हाला यात कधी काही विशेष वाटलं नव्हतं. दादांना वाटलं, कारण ते स्वतः कर्णबधिर. त्यांनी माझ्या भावाला बोळाच्या मधोमध उभं केलं आणि एकेक खूण विचारायला सुरुवात केली. माग दुरुस्त करणारा जोबर, कांड्या भरणाऱ्या कांडीवाल्या, सगळे भोवती जमले. कुणी खूण चुकीची दाखवली की माझा भाऊ हात धरून दुरुस्त करायचा. इतकी माणसं त्याच्याकडून काहीतरी शिकतायत, हे मी पहिल्यांदा पाहिलं. नाटक तुम्ही त्याच खुणांमधून बांधलंत, आणि माझ्या मते तुमचं सगळं मोठेपण यात आहे. नाटक तयार करून मग त्यात त्याच्यासाठी एखादा कोपरा तुम्ही शोधला नाहीत. नाटकाची भाषाच अशी निवडलीत, की त्यात सगळ्यात तरबेज तो होता.

बाकीच्यांचंही तसंच. तालमी पाळी बदलताना ठेवल्यात, म्हणून रात्रपाळीवालेही येऊ शकले. बायकांना "पोरं घरी ठेवून या" म्हणाला नाहीत. वहिफणीचं, म्हणजे मागाचे धागे ओवायचं काम करून गुडघे गेलेल्या आजोबांचा प्रवेश बसूनच रचलात. शेजारच्या मुलीला फारच कमी दिसतं, तिला ताल दिलात. रिकाम्या कांड्यांच्या पेटीवर ती थाप मारायची. ऐकणारे आवाजावर हलायचे आणि माझा भाऊ तिच्या हातावर नजर ठेवून.

ऑगस्तो बोआल या ब्राझीलच्या नाटककाराची गोष्ट तुम्ही सांगितली होतीत. १९७३ मध्ये पेरूमध्ये प्रयोग चालू असताना एका बाईला नटांनी तिच्या मनासारखं काही केल्या करून दाखवता येईना. शेवटी तीच रंगमंचावर चढली आणि करून दाखवलं. तिथून फोरम थिएटर सुरू झालं. प्रेक्षकाने 'थांबा' म्हणायचं, पात्राच्या जागी स्वतः उभं राहायचं आणि वेगळं काही करून बघायचं. ऐकताना मला वाटलं होतं, आमच्याकडे कोण उठणार? सांगली इथून किती जवळ. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये तिथे 'सीता स्वयंवर' केलं, मराठी नाटक इथल्याच मातीत उभं राहिलं. पण आम्ही मागवाले घोरपडे नाट्यगृहात तिकीट काढून खुर्चीत बसणार. 'थांबा' म्हणायची सवय कुणाला?

प्रयोग सुट्टीच्या दिवशी बंद शेडमध्येच झाला. लोक सुताच्या पोत्यांवर बसले. प्रसंग आमचाच होता. मागातून आडवा धागा नेणारा धोटा उडतो, जोबर "बाजूला हो" म्हणून ओरडतो, माझ्या भावाची पाठ त्याच्याकडे असते. धोटा लागतो. पहिल्यांदा दाखवलंत तेव्हा सगळे चिडीचूप. दुसऱ्यांदा सुरू केलंत आणि जोबराने ओरडायला तोंड उघडलं, तशी मागून एक कांडीवाली मावशी उठली. "थांबा की! कवाधरनं हाका मारतोय त्यो. ऐकू येत न्हाई, पर दिसतंय न्हवं त्याला?" ती तरातरा पुढे आली, जोबराला बाजूला केलं आणि भिंतीवरच्या दिव्याचं बटण खालीवर करत राहिली. माझ्या भावाने वर पाहिलं आणि उडी मारून बाजूला झाला. ताई, हे तुम्ही बसवलेलं नव्हतं. त्यानंतर तीन-चार जण उठले. एकाने मागाची जागाच बदलायला लावली, म्हणजे त्याची पाठ भिंतीकडे राहील. मालकही बसले होते. दिव्याला खर्च किती येईल, हे त्यांनी तिथेच वायरमनला विचारलं.

दिवा बसला. लाल आहे, त्याच्या मागाच्या बरोबर समोर. बटण दोन ठिकाणी आहे, जोबराजवळ आणि कांडीवाल्यांच्या बाकाजवळ. मागाची जागा मात्र अजून बदललेली नाही, त्यासाठी आम्ही मालकांच्या मागे लागलो आहोत.

दादांना सांगा, त्यांनी शिकवायला घेतलेली भारतीय सांकेतिक भाषा भावाने सोडलेली नाही. व्हिडिओ कॉलवर त्यांच्याशी बोलून झालं की तो ती आईला शिकवतो. आई कुरकुरते, पण शिकते.

तुमच्यामागे आमचा गट चालू आहे. मावशी आता गटातच आहेत. पुढचं नाटक बायकांच्या रात्रीच्या जाण्यायेण्यावर करायचं ठरतंय. तुम्ही येऊन बघावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. उतरायला आमचं घर आहेच. दादांनाही घेऊन या. कधी जमेल ते कळवा, म्हणजे तालीम त्या बेताने लावू.

तुमची,
त्याची मोठी बहीण
इचलकरंजी