दगड कुणीकडे ढकलायचा

टायटसव्हिल, फ्लोरिडा
१६ जुलै २०३४

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने घाईघाईत सांगितले की आपल्या पोफळींच्या कुळागराला गिऱ्हाईक आले आहे आणि तुम्ही "बघू" म्हणालात. तुमचे "बघू" म्हणजे अर्धा होकार, म्हणून हे सविस्तर लिहायला बसले. दादाने कागदावर छापून द्यावे आणि सावंतवाडीला आत्यालाही पाठवावे. तिच्याही डोक्यात तेच घोळते आहे.

आधी मुद्द्याचे सांगते. कुळागर विकू नका. "आभाळातून दगड पडणार, मिळेल ती किंमत घ्या" असे सांगत जो माणूस डिचोलीत घरोघर फिरतो आहे, त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास असता तर त्याने पोफळी विकत घेतल्या नसत्या. पण दगड खोटा आहे असेही मी म्हणणार नाही. तो आहे. साधारण ६० मीटरचा आहे आणि २०३९ च्या डिसेंबरात पृथ्वीच्या वाटेत येतो आहे. आज आदळण्याची शक्यता शंभरात दोन धरतात.

शंभरात दोन म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण लोक इथेच घाबरतात. २०२५ चे तुम्हाला आठवत असेल. २०२४ वायआर४ नावाचा असाच एक लघुग्रह चिलीतल्या दुर्बिणीला दिसला होता. २२ डिसेंबर २०३२ ला तो आदळण्याची शक्यता चढत चढत ३.१ टक्क्यांवर गेली. वर्तमानपत्रांत मुंबईचे नाव आले, अरबी समुद्राचे आले. मग त्याच फेब्रुवारीच्या अखेरीस ती जवळजवळ शून्यावर आली. असे का होते? रापण ओढताना पाहिली आहे ना तुम्ही? सुरुवातीला जाळ्याचा घेर केवढा मोठा असतो. ओढत आणले की घेर लहान होतो, आणि एखादा मासा अजून आतच असला तर त्या उरलेल्या पाण्यात तोच मोठा वाटू लागतो. शेवटच्या ओढीला तो आत राहील किंवा निसटेल. लघुग्रहाची वाट मोजताना घेर असतो आमच्या मोजमापातल्या अनिश्चिततेचा आणि मासा म्हणजे पृथ्वी. टक्के वाढतात म्हणून धोका नक्की होत चालला असे नाही. बहुतेक वेळा पृथ्वी शेवटी घेराबाहेरच राहते.

मग गप्प का बसत नाही? कारण हा दगड आता इतका दूर निघाला आहे की पुढची दोन वर्षे कुठल्याच दुर्बिणीला दिसणार नाही. दिसेल तेव्हा नक्की कळेल, पण यान तेव्हा बांधायला घेतले तर उशीर होईल. खात्री होण्याआधीच तयारी करावी लागते.

दादाने विचारले होते की लोणारसारखा खड्डा पडेल का. लोणारचे विवर १.८ किलोमीटर रुंद आहे आणि तो दगड याच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. आपला दगड लोखंडाचा नाही, खडकाचा आहे. असे खडक बहुधा जमिनीवर पोचण्याआधी हवेतच फुटतात. १९०८ साली ३० जूनला सायबेरियात तुंगुस्का नदीजवळ असाच एक फुटला आणि दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवे झाले. आपला सगळा गोवा ३७०२ चौरस किलोमीटरचा. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. पण तुमची मुलगी तिकडे काय करते असे कुणी विचारले तर तुम्हाला सांगता यायला हवे.

ढकलणे जमते, हे आता सिद्ध झालेले आहे. २०२२ च्या २६ सप्टेंबरला नासाचे डार्ट यान डायमॉर्फस नावाच्या १६० मीटरच्या दगडावर मुद्दाम आदळवले, सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने. तो दगड आपल्या मोठ्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा. धडकेनंतर हा वेळ ३२ मिनिटांनी कमी झाला. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानायचे असे आधी ठरले होते. धडकेचा जोर एकट्या यानाचा नव्हता. दगडातून जो चुरा मागे उडाला त्यानेही ढकलले. आणि डार्ट गेले ते एका खासगी कंपनीच्या रॉकेटवरून, हेही लक्षात ठेवा, कारण त्यावर पुढे बोलायचे आहे.

मी आहे ती खासगी कंपनी हा दगड ढकलायला असेच यान बांधते आहे. माझे काम त्या यानाच्या डोळ्यांचे. शेवटच्या चार तासांत यानाला पृथ्वीवरून कुणी हाकत नाही, ते स्वतःच कॅमेऱ्यात बघून दिशा धरते. डार्टला डायमॉर्फस वेगळा ठिपका म्हणून दिसला तो आदळण्याच्या जेमतेम तासभर आधी. आमच्या यानाला याहून लहान ठिपका ओळखायचा आहे. म्हणून त्या कॅमेऱ्याच्या भिंगावर धुळीचा कणही चालत नाही. क्लीनरूममध्ये जाताना कुंकू, पावडर, गजरा काही चालत नाही. मंगळसूत्र आणि बांगड्या काढून कपाटात ठेवते, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवते, वर टोपी, मास्क, दोन हातमोजे. मग अल्कोहोलात भिजवलेल्या फडक्याने एकेक स्क्रू पुसायचा, आणि फडके उलटे करून दुसऱ्यांदा वापरायचे नाही. आई, देव्हाऱ्यातली समई तू घासतेस त्याहून सावकाश चालते हे काम.

बाबा, तुम्ही विचारलेत ना, "कंपनी खासगी, मग तिला आमचे काय पडले आहे?" हा प्रश्न मला महिनोन्महिने झोपू देत नाही.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावते. तिचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटर. म्हणजे सात मिनिटांत ती आपली जागा पूर्ण सोडून पुढे जाते. दगडाला थोडे लवकर किंवा थोडे उशिरा आणले की झाले, भेट चुकते. पण तो पडू शकतो त्या जागा नकाशावर एका पट्ट्यात येतात: अटलांटिक, आफ्रिका, अरबस्तान, अरबी समुद्र, कोकण, दख्खन, बंगालचा उपसागर. धक्का दिला की तो बिंदू या पट्ट्यावरून सरकत जातो आणि पृथ्वीच्या कडेवरून बाहेर पडतो. धक्का पुरेसा बसला तर कुणालाच काही नाही. अर्धवट बसला तर? आज बिंदू समुद्रात आहे. पूर्वेकडे ढकलला आणि मध्येच थांबला तर कोकणावर, सह्याद्रीवर. पश्चिमेकडे ढकलला तर ओमान, येमेन, इथिओपिया. ज्याच्या डोक्यावर तो आधी नव्हता, त्याच्या डोक्यावर माणसाने आणून ठेवलेला.

आमच्या यानाला पूर्वेकडची दिशा सोपी पडते. इंधन कमी लागते, उड्डाणाची तारीख लवकरची मिळते, खर्च कमी. पहिल्या आराखड्यात एकच यान होते आणि पूर्वेकडचाच धक्का होता. बैठकीत तो नकाशा पडद्यावर लावला तेव्हा मांडवी त्या पट्ट्याच्या आत होती. माझे हात गार पडले. तरी मी "पश्चिमेकडे ढकला" म्हटले नाही, आणि म्हणणारही नाही. ओमानमधल्या सलालाहच्या किनाऱ्यावर कुणाचे तरी बाबा असेच माडांच्या बागेत बसलेले असतील. दिशा मी ठरवणे चूक आणि कंपनीने खर्च बघून ठरवणेही चूक.

मी आणि आणखी काही जणांनी लेखी मागणी दिली आहे. आधी एक टेहळणीचे यान जावे, दगड किती वजनाचा आणि किती ठिसूळ आहे ते बघून यावे. फार जोराने मारले तर तुकडे होतील आणि तेही पृथ्वीकडेच येतील. मग एक नव्हे, दोन धडक याने तयार ठेवावीत, म्हणजे पहिले कमी पडले तर दुसरे त्याच दिशेने उरलेले काम करील. आणि दिशेचा निर्णय पट्ट्यातल्या सगळ्या देशांना बसवून व्हावा. त्यासाठी जागा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१३ च्या शिफारशीवरून दोन गट उभे राहिले, एक इशारा देणारा आणि एक मोहिमांचा सल्ला देणारा. पण ते सल्लाच देतात, हुकूम नाही. १९६७ च्या अंतराळ कराराप्रमाणे खासगी कंपनीच्या कृत्याची जबाबदारी तिच्या देशावर येते, १९७२ च्या कराराप्रमाणे नुकसानभरपाईही. पण भरपाईने माणसे परत येत नाहीत. निर्णय आधी व्हायला हवा.

मी खासगी कंपन्यांच्या विरोधात नाही. रॉकेट स्वस्त झाली ती त्यांच्यामुळेच, आणि हैदराबादच्या मुलांनी २०२२ मध्ये भारताचे पहिले खासगी रॉकेट उडवले तेव्हा तुम्ही वर्गात पेढे वाटले होते. उपग्रह सोडायचे पैसे मिळतात म्हणून रॉकेट बनतात. राखणीचे पैसे कोण देणार? अमेरिकेत बी६१२ नावाच्या संस्थेने देणग्या गोळा करून लघुग्रह शोधणारी अवकाश दुर्बीण उभारायचे ठरवले होते. चांगली, तळमळीची माणसे, त्यांत अंतराळवीरही होते. पुरेसे पैसे जमले नाहीत, आणि २०१५ मध्ये नासाने त्यांच्याशी असलेला करार संपवला. म्हणून मला वाटते, गाडी खासगी चालेल, पण भाडे सरकारांनी द्यावे आणि कुठे जायचे ते सगळ्यांनी मिळून सांगावे.

आता घरचे. दादाने पुढच्या खोलीच्या शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या काढून मोठ्या काचा बसवायचे ठरवले आहे म्हणे. त्या राहू द्या. दगड येवो न येवो, तसे काम करणारे सुतार आता मिळत नाहीत. आणि मुलांना एक गोष्ट शिकवून ठेवा, ती जन्मभर उपयोगी पडेल. आभाळात डोळे दिपवणारा उजेड दिसला तर खिडकीशी धावायचे नाही, भिंतीच्या आडोशाला खाली बसायचे. २०१३ साली रशियात चेल्याबिन्स्कवर फक्त २० मीटरचा दगड फुटला. उजेड बघायला लोक खिडक्यांशी गेले आणि मागाहून हवेचा धक्का आला. पंधराशेच्या आसपास माणसे जखमी झाली, बहुतेक काचांनी.

चवथीला मला येता येणार नाही. माटोळीला आत्याकडून कुड्याची फळे मागवा, आणि आईने गुडघे दुखत असताना नेवऱ्या एकटीने करत बसू नये. वहिनीला हाताशी घे.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही इतकी वर्षे वर्तमानपत्रांना पत्रे लिहिलीत, रस्त्यासाठी, मराठी शाळेसाठी, खाणीच्या धुळीसाठी. आता आपल्या खासदारांना आणि दिल्लीला लिहा की या निर्णयाच्या वेळी भारत तिथे बसलेला असावा आणि किनाऱ्यावरच्या लोकांचे म्हणणे त्याने मांडावे. रापणकारांच्या सह्या घ्या, वेंगुर्ल्याच्याही घ्या. मसुदा मराठीतच करा, इंग्रजी मी करून देईन. इथली समिती सप्टेंबर अखेरपर्यंत सूचना घेते आहे, म्हणून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दादाकडून पाठवा.

तुमची,
मनू