सही पालकांची असते

महोदय,

अमेरिकेत ‘बिघडलेल्या’ किंवा मानसिक त्रासातल्या किशोरवयीन मुलांना सुधारण्यासाठी ठेवतात, त्या ‘उपचारात्मक’ निवासी शाळांमधल्या छळाचा विषय निघाला की पालक म्हणतात, ‘आमची फसवणूक झाली.’ ती होते, हे खरेच. पण मुलाला तिथे पोहोचवणाऱ्या प्रत्येक कागदावर सही पालकांचीच असते. तिकडे राहणाऱ्या मराठी आई-वडिलांनी हे कागद नीट वाचावेत, म्हणून हे पत्र.

एक कागद मुलाला घरातून नेण्याच्या परवानगीचा. पहाटे मुलाला शाळेत न्यायला आलेली दोन अनोळखी माणसे त्याच्या पलंगाशी उभी राहतात. पालकांनी दोन वाक्ये बोलून खोलीबाहेर जायचे, हे आधीच ठरलेले असते. मूल हाका मारते आणि आई दाराआड उभी राहते. त्या रात्री तुटलेला विश्वास पुढे कोणताही समुपदेशक सहजासहजी जोडून देऊ शकत नाही.

दुसरा कागद प्रवेशाच्या कराराचा. सुरुवातीचे काही आठवडे फोन बंद, नंतर तो कर्मचाऱ्यांच्या देखत. पत्रे तपासूनच घरी येतात. घरच्यांशी बोलणे हे चांगल्या वागण्याने वरच्या ‘लेव्हल’ला, म्हणजे पायरीला, पोहोचल्यावर मिळणारे बक्षीस. शिवाय ‘मूल तक्रार करेल, ते घरी येण्यासाठीचे नाटक समजा,’ असे पालकांना पढवले जाते. मग मूल गप्प राहिले तर सुधारले आणि बोलले तर खोटारडे!

या ‘नाटक’ शब्दाने जीव गेले आहेत. अमेरिकी संसदेसाठी तपासणी करणाऱ्या ‘जीएओ’ने २००७ मध्ये अशा कार्यक्रमांतील १० मृत्यूंची प्रकरणे तपासली. अप्रशिक्षित कर्मचारी, अपुरे अन्न, बेफिकीर कारभार हे त्यात आढळले. काही मुले तब्येतीची तक्रार करत राहिली आणि कर्मचारी ते ढोंग समजत राहिले. एकट्या २००५ मध्ये ३३ राज्यांनी निवासी कार्यक्रमांतील छळाच्या घटनांत १,६१९ कर्मचारी गुंतल्याचे कळवले होते. डिसेंबर २०२४ मध्ये अशा संस्थांमधल्या छळाबाबत केंद्रीय कायदा झाला, पण त्याचा भर अभ्यास आणि शिफारशींवर आहे. प्रत्यक्ष देखरेख अजूनही राज्यागणिक बदलते.

म्हणून सहीआधी संस्थेशी संबंध नसलेल्या बालमानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. घरी राहून होणाऱ्या उपचारांचे सगळे पर्याय खरोखर संपले आहेत का, हेही विचारा. उदाहरणार्थ, ‘मल्टिसिस्टेमिक थेरपी’ या उपचारपद्धतीत थेरपिस्ट तीन ते पाच महिने घरी येऊन कुटुंबासोबत काम करतो. शाळा सुचवणाऱ्या सल्लागाराचे तिच्याशी आर्थिक संबंध आहेत का, ते लेखी घ्या. शाळा मिरवते ते मानांकन म्हणजे राज्याचा परवाना नव्हे. राज्याच्या परवाना विभागाकडून तपासणी अहवाल आणि तक्रारी मागवा, संस्थेची जुनी नावेही शोधा. बदनाम संस्था नाव बदलून पुन्हा उघडतात. गेल्या सहा महिन्यांत किती मुलांना बळाने जखडले, किती जणांना एकटे कोंडले, रात्री किती कर्मचारी जागे असतात, हे आकड्यांत विचारा. दर आठवड्याला कुणी ऐकत नसलेला फोन आणि न कळवता भेटीची मुभा करारात लिहून देत नसतील, तर मुलाला तिथे पाठवू नका.

ज्यांची मुले परतली आहेत, त्यांनी ‘तुझ्या भल्यासाठीच केले’ हे वाक्य कृपा करून गिळावे. मूल सांगेल तेवढे, सांगेल तेव्हा ऐकावे आणि माफी मागावी. अंगावर खुणा असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे नोंद करावी. करार, बिले, खाडाखोड केलेली पत्रे यांतले काही फेकू नये. राज्याच्या बालसंरक्षण विभागाकडे तक्रार करताना तीच पत्रे लागतात.

– किशोरवयीन मुलांसोबत काम करणारे दोन समुपदेशक