आधी कपाटातली डिस्क, मग रेड

महोदय,

टीव्हीखाली छोटा कॉम्प्युटर ठेवून त्यात घरचे फोटो, लग्नाचं शूटिंग, गाणी, सिनेमे भरणारी घरं आता बरीच आहेत. डिस्क घ्यायला गेलं की दुकानात सल्ला ठरलेला असतो : ‘चार डिस्क घ्या, रेड-५ करा, निर्धास्त राहा.’ (रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एक संच करणं; पुढचा आकडा त्याचा प्रकार.) घरच्या वापरासाठी हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे पैसे मोजण्याआधी कळलेलं बरं.

रेडची कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कली विद्यापीठातून मांडली : एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा संच वापरायचा आणि त्यातली एखादी गेली तरी काम थांबू द्यायचं नाही. काम थांबू न देणं हाच तिचा उपयोग. बँकेच्या सर्व्हरला ते हवंच. घरी दोन दिवस टीव्हीवर काही लागलं नाही तर काही बिघडत नाही. याउलट घरचा डेटा ज्या कारणांनी जातो, त्यातल्या बहुतेकांपुढे रेडचं काही चालत नाही. कोणी चुकून फोल्डर उडवला तर तो सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. खंडणीखोर व्हायरस शिरला, कॉम्प्युटरला वीज देणारा एसएमपीएस जळताना डिस्क घेऊन गेला, वळवाच्या पावसात केबलच्या वायरमधून वीज आत आली, चोरी झाली. सगळ्या डिस्क एकाच डब्यात असतात, म्हणून सगळ्या एकदम जातात.

म्हणून दोनच डिस्कचे पैसे असतील तर रेड करूच नका. एक डिस्क कॉम्प्युटरमध्ये आणि दुसरी, यूएसबीची, कपाटात ठेवा. आठवड्यातून एकदा जोडायची, कॉपी झाली की काढून ठेवायची. तिसरी डिस्क परवडली तर कॉम्प्युटरमधल्या डिस्कला जोडीदार द्या, म्हणजे रेड-१, मिरर : दोन्ही डिस्कवर तंतोतंत तेच. चार किंवा जास्त झाल्या तरच पुढचा विचार करावा, आणि तिथेही रेड-५ नको.

आधी हिशेब करू. फोनवरचं फोर-के शूटिंग एचईव्हीसीमध्ये (व्हिडिओ कमी जागेत साठवण्याची पद्धत) मिनिटाला साधारण १७० एमबी होतं, म्हणजे १०० तासांचं सुमारे १ टीबी. जुन्या कॅमेऱ्याच्या मिनीडीव्ही टेपचा एक तास कॉम्प्युटरवर उतरवला की १३ जीबी. अशा ४० टेप म्हणजे ५२० जीबी. ४ एमबीचा एक धरला तर ५० हजार फोटो २०० जीबी. सगळं मिळून पावणेदोन टीबीच्या आत. परत मिळणार नाही असा घरचा ऐवज बहुतेक वेळा एका ४ टीबीच्या डिस्कमध्ये ऐसपैस मावतो. (४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६४ दिसते. कोणी फसवलेलं नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.) उरलेली जागा सिनेमे खातात, आणि ते पुन्हा मिळवता येतात. हे दोन ढीग पहिल्याच दिवशी वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले की अर्धं काम झालं, कारण कपाटातल्या डिस्कवर फक्त पहिला ढीग जायला हवा.

वेगासाठी रेड हवं हाही गैरसमजच. फोर-के ब्लू-रेचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ एमबी. साधी साडेतीन इंची डिस्क याच्या आठ-दहापट वेगाने वाचते.

आता रेड-५ विषयी. यात प्रत्येक फाइलचे तुकडे सगळ्या डिस्कवर विखुरलेले असतात. एक डिस्क गेली तर उरलेल्यांवरून सगळं पुन्हा उभं करता येतं. दोन गेल्या तर एकही फाइल धड राहत नाही. पण गेलेल्या डिस्कच्या जागी घातलेली नवी ८ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबीने भरायची म्हटलं तरी पंधरा तास लागतात, आणि तेवढा वेळ जुन्या डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचल्या जातात. त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या असतात. पहिली थकली असेल तर बाकीच्याही फार तरुण नसतात. शिवाय साध्या डिस्कची कंपनीने दिलेली हमी १० चा १४ वा घात इतके बिट वाचण्यामागे एकदा वाचन फसणं अशी असते, म्हणजे सुमारे साडेबारा टीबीमागे एकदा. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्याच चांगल्या वागतात, पण हमी तेवढीच आहे. भरीस भर म्हणजे एक गाणं लावलं तरी चारही डिस्क फिरतात. बंद काचेच्या टीव्ही युनिटमध्ये मे महिन्यात त्यांचं तापमान कुठे जाईल ते सांगायला नको. ४५ अंशांच्या वर सतत जात असेल तर आधी मागची फळी कापा.

चार किंवा जास्त डिस्क असतील तर लिनक्सवर स्नॅपरेड आणि मर्जरएफएस ही फुकट मिळणारी जोडी घरासाठी सगळ्यात सोयीची. प्रत्येक फाइल एकाच डिस्कवर अखंड राहते; मर्जरएफएस सगळ्या डिस्क एका फोल्डरसारख्या दाखवतं आणि स्नॅपरेड वेगळ्या डिस्कवर पॅरिटी लिहितं, म्हणजे गेलेली डिस्क पुन्हा उभी करायला लागणारा हिशेब. डिस्क लहानमोठ्या चालतात, फक्त पॅरिटीची डिस्क सगळ्यात मोठ्या डेटा डिस्कइतकी तरी हवी. एक पॅरिटी असताना दोन डेटा डिस्क गेल्या तर त्या दोघींवरच्याच फाइल जातात. बाकीच्या डिस्क कुठल्याही लिनक्सच्या मशीनला लावून वाचता येतात.

याचे दोन काटे आहेत. पहिला, संरक्षण शेवटच्या सिंकपर्यंतचंच; सिंक म्हणजे पॅरिटी ताजी करणं. सिंक रात्री होत असेल तर आज फोनवरून उतरवलेले फोटो आज रात्रीपर्यंत फोनवरूनही उडवू नका. दुसरा काटा जास्त टोचतो. मशीन सुरू होताना एखादी डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडली गेली नाही, तर तिच्या जागी रिकामा फोल्डर राहतो, आणि स्नॅपरेडला वाटतं की तिच्यावरचं सगळं उडवलं. ते थांबतं, आणि खरंच असं असेल तर ‘फोर्स-एम्प्टी’ लावा असं सुचवतं. घाईत ते लावलं की पॅरिटीतून ती अख्खी डिस्क पुसली जाते. हा इशारा आला की आधी माउंट तपासा. स्क्रब, म्हणजे साठवलेला डेटा वाचून तपासणं, आठवड्याला चालवा. मूळ सेटिंगला ते दर खेपेस संचाचा ८ टक्के भाग तपासतं. स्नॅपरेड आपली नोंद ठेवतं त्या ‘कंटेंट’ फाइलच्या प्रती दोन-तीन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा.

मिरर करायचा असेल तर मदरबोर्डच्या बायॉसमधलं (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधलं) रेड टाळा. बोर्ड जळाला की तसाच बोर्ड शोधत हिंडावं लागू शकतं. सॉफ्टवेअरनेच मिरर करणारं लिनक्सचं एमडीएडीएम किंवा झेडएफएस वापरलं तर डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये सरळ उघडतात. डिस्क यूएसबीच्या डब्यात घालून मिरर करू नका. जोड क्षणभर तुटला की एक डिस्क संचाबाहेर पडते.

डिस्क घेताना सीएमआर आहे की एसएमआर ते विचारा. हे डिस्कवर लिहिण्याचे दोन प्रकार. सीएमआरमध्ये ट्रॅक, म्हणजे डेटाच्या रेघा, शेजारीशेजारी असतात; एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलावी लागतात. म्हणून संच पुन्हा उभा करताना ती डिस्क मधेच मिनिटभर गप्प बसू शकते आणि संच तिला मेलेली समजतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, तेव्हापासून सीएमआरवाल्या ‘रेड प्लस’ नावाने विकल्या जातात. (हे रेड म्हणजे लाल, मराठीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, दुकानात घोटाळा नको.) कपाटातल्या डिस्कला एसएमआर चालते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत, पैसे देण्यापूर्वी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा, आणि घरी आल्यावर स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रॅमने किती तास चालली आहे ते पाहा. नव्या डिस्कवर तो आकडा शून्याच्या आसपास हवा. मिररच्या दोन डिस्क शक्यतो दोन दुकानांतून घ्या.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या ‘स्मार्ट’च्या यादीत ५, १९७ आणि १९८ या ओळींचे आकडे वाढत असतील तर डिस्क बदलायची तयारी करा. १९९ वाढत असेल तर बहुधा डिस्कचा दोष नसतो, डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदला. तो आकडा नंतर खाली येत नाही, फक्त थांबतो. हे माहीत नसल्याने चांगल्या डिस्क भंगारात जातात.

इन्व्हर्टर असला तरी ६०० व्हीएचा, यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्या. इन्व्हर्टर बॅटरी संपत आल्याचं कॉम्प्युटरला सांगत नाही. यूपीएस यूएसबीने सांगतो आणि नट नावाचा प्रोग्रॅम मशीन नीट बंद करतो. मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीच्या पॉवर कनेक्टरवरून) डिस्कसाठी साटा पॉवर काढणारी, प्लास्टिक साच्यात ओतलेली स्वस्त वायर वापरू नका. तिच्या आतल्या तारा एकमेकींना चिकटून जळतात.

मिरर निकामी होण्याचं नेहमीचं कारण तर फारच साधं आहे. एक डिस्क मार्चमध्ये जाते, सिनेमे चालूच राहतात, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ऑक्टोबरात दुसरी जाते. एमडीएडीएमला ईमेल पाठवायला लावा आणि चाचणीचा मेल खरंच येतो का ते बघा. दुसरं कारण, बदलताना चांगलीच डिस्क ओढली जाते. लिनक्समधली डिस्कची एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात. म्हणून बसवतानाच प्रत्येक डिस्कच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार अंक कागदाच्या पट्टीवर लिहून, झाकण काढल्यावर समोर दिसेल अशा कडेला चिकटवा. बदलताना स्क्रीनवरचा नंबर आणि पट्टी जुळली तरच स्क्रू सैल करा.

कपाटातली डिस्क दोन असतील तर उत्तम. गणपतीला गावी जाताना एक न्यायची, शिमग्याला दुसरी नेऊन पहिली परत आणायची. कोकणातल्या घरात ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. परत आणली की आधी तिच्यावरचे चार-पाच व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा, मगच तिच्यावर नवी कॉपी घ्या.

आपला,
एक वाचक, डोंबिवली