जुनी चेन सॉ घेताना सायलेन्सर खोलून बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की आपल्या दैनिकातल्या छोट्या जाहिरातींत ‘जुनी चेन सॉ विकणे आहे, चालू स्थितीत’ असा मजकूर दिसू लागतो. आमच्या जांबोटी-कणकुंबीकडे वाऱ्याने फणस, आंबे आडवे होतात आणि ट्रॅक्टर बांधापर्यंतही पोचत नाही. मग जागेवरच फळ्या काढू म्हणून लोक मशीन शोधत बेळगावला येतात. मी सुतारकीबरोबर चिरकामही, म्हणजे ओंडक्याच्या फळ्या काढायचं कामही करतो, म्हणून ह्या ‘चालू स्थिती’बद्दल लिहितो आहे.

मशीन चालू असणं आणि ते चिरकामाला चालणं ह्यात फार अंतर आहे. फांदी तोडताना इंजिनाला क्षणभर जोर लागतो. ओंडका उभा चिरताना एका फळीसाठी ते कित्येक मिनिटं पूर्ण रेसवर राबतं. स्टिल (Stihl) कंपनीचं 250 हे मॉडेल 45 सीसीचं आहे; लाकूडफाट्याला उत्तम, पण फणसाच्या ओंडक्यात घातलं तर बिचाऱ्याचा जीव जातो. माझ्या मते 60 सीसीच्या खाली चिरकामासाठी बघूच नये. हातभर रुंदीच्या ओंडक्याला 70 च्या पुढचं हवं, म्हणजे स्टिलचं 382 किंवा हस्कवर्ना कंपनीचं जुनं 272. ऑनलाइन सात-आठ हजारांत 58 सीसीचं नवंकोरं मशीन येतं ह्याचा मोह अनेकांना पडतो. त्यापेक्षा ज्याचे सुटे भाग मिळतात ते मोठं जुनं मशीन घ्यावं, मग दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता मुद्द्याचं. विकणारा बहुधा तुम्ही यायच्या आधीच मशीन तापवून ठेवतो, कारण गरम इंजिन एका ओढीत सुरू होतं. आधी सिलिंडरला हात लावून बघा. गरम असेल तर चहा पिऊन या. मशीन थंड झालं की दोरीच्या मुठीला धरून उचला. डिकॉम्प्रेशनचं बटण (दोरी हलकी ओढता यावी म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणारं) असेल तर ते दाबलेलं नसावं. मशीन अडखळत, हळूहळू खाली आलं तर दम आहे; सरळ धपकन आलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मग प्लगची टोपी काढून सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट खोला आणि दोरी हळूच ओढत धुराड्याच्या भोकातून टॉर्चने पिस्टन बघा. कारखान्यातल्या बारीक आडव्या रेषा शाबूत असतील तर मशीन घ्यायला हरकत नाही. वरून खाली ओरखडे दिसले, तर समजा कुणीतरी ऑइल अंदाजाने ओतलं होतं (चांगलं टू-स्ट्रोक ऑइल लिटरभर पेट्रोलला 20 मिली लागतं, डोळ्यांनी मोजून नव्हे). मशीन सुरू करून रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नसेल, किंवा आडवं-तिरकं केल्यावर आवाज बदलत असेल, तर कुठूनतरी हवा खेचतंय. असलं मशीन चिरकामात जळणारच. चेनचा ब्रेक लागत नसेल तर पुढची बोलणीच नको.

सायलेन्सर खोलू न देणाऱ्या दुकानातून मी उठून येतो. दहा मिनिटांचं काम. नकार देण्यासारखं त्यात काय आहे? विक्रेत्यांनी गिऱ्हाइकासमोर ते खोलावं आणि बिलावर मॉडेल व सीसी लिहून द्यावं, एवढी माझी मागणी आहे. केशरी-पांढऱ्या रंगाच्या नकली मशीनवर कंपनीचं स्टिकर लावून विकणारेही कमी नाहीत.

बाकी खर्चही धरायला हवा. साध्या चेनचे दात 30 अंशांत घासलेले असतात, चिरकामाला 10 अंशांचे लागतात. फळी सरळ निघावी म्हणून मशीनला जोडायचा, ओंडक्यावर सरकणारा लोखंडी सांगाडा बेळगावच्या उद्यमबागेतला चांगला फिटर करून देतो, पण त्यात बारची (ज्या पट्टीवर चेन फिरते तिची) काही इंच लांबी अडकते. 18 इंची ओंडक्याला 24 इंची बार धरा. आणि चेन प्रत्येक कापात सुमारे 8 मिलिमीटर लाकूड खाते, सॉ मिलचा बँड सॉ साधारण 2. म्हणजे तीन कापांमागे इंचभर जाडीच्या एका फळीचा भुसा! ओंडका सॉ मिलपर्यंत नेता येत असेल तर मुकाट्याने तिथेच न्यावा.

झाड आपल्या शेतातलं असलं तरी 1976 चा कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा आहे. कुठल्या झाडाला परवानगी लागते, महाराष्ट्रात चंदगडकडे लाकूड न्यायचं तर पास कसा काढायचा, हे वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारावं. अर्ज कन्नडमध्ये म्हणून आमची माणसं टाळाटाळ करतात, आणि मग वाटेत गाडी अडवली की धावपळ.

शिवाय एका पडलेल्या फणसासाठी प्रत्येकाने मशीन घ्यावंच का? कर्नाटक सरकारच्या कृषी यंत्रधारे केंद्रांतून ट्रॅक्टर भाड्याने मिळतो. तसं 70 सीसीचं एक मशीन, सांगाडा आणि चालवणारा जाणता माणूस खानापूर तालुक्यात मिळाला, तर निम्म्या लोकांना जुन्या बाजारात फिरावंच लागणार नाही. कृषी खात्याने ह्याचा विचार करावा.

आपला,
एक सुतार-शेतकरी, जांबोटी परिसर, ता. खानापूर